काचेच्या अलीकडे

सतव्याच्या दुकानात एक गोरा आला, त्र्याऐंशी साली,
हातात तंबूएवढी जर्सी,
खांद्यापासून बगलेपर्यंत उसवलेली.
मास्तर नको म्हणाले. मी म्हटलं, ठेवा.
कुठे फाटली विचारलं, तर म्हणाला, बर्फावर.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. मला वाटलं, चढलेली दिसतेय.

पोचवायला मीच गेले, ऊद मेथाला.
दार ढकललं
आणि थंडी थेट दातांत.
खाली सगळं पांढरं. त्यावर बारा बाप्ये,
हातात काठ्या, पायांखाली सुऱ्या,
करपलेल्या पुरीएवढ्या चकतीसाठी
एकमेकांना फळीवर आपटत होते.
जर्सी छातीशी धरून मी शेवटपर्यंत उभी.
शिलाई मागायची राहिली.

नियम कुणी शिकवले नाहीत.
पण खेळ चालू असतानाच एक जण कठड्यावरून बाहेर,
दुसरा उडी मारून आत,
अरे, हा तर खो!
मालवणच्या कन्याशाळेत तीन वर्षं दिलाय मी.
आगळीक केली की दोन मिनिटं वेगळं बसायचं,
हेही पेंढारकर बाईंमुळे ठाऊक होतं.
ऑफसाइड कळायला मात्र सात वर्षं लागली.
अजूनही कधी कधी पंच हात वर करतो
आणि मी शेजारच्याकडे बघते.

"दर शुक्रवारी कुठे?" हे विचारायचे.
मंडळात, मी सांगायचे.
अगदीच खोटं नव्हतं,
मंडळाचा हॉल त्याच रस्त्यावर होता.
मग एक्याण्णवला चकती काच ओलांडून आली
आणि भुवईवर तीन टाके पडले.
टाका सैल होता, मी डॉक्टरला तिथेच सांगितलं.
घरी सांगितलं, न्हाणीघरात घसरले.
हे बराच वेळ भुवईकडे बघत राहिले, मग म्हणाले,
"पुढच्या वेळी मलाही ने घसरायला."
आले. मफलर गुंडाळून दुसऱ्या डावात घोरले.
त्यानंतर थर्मासमध्ये चहा भरून द्यायचे, स्वतः करून,
आलं जरा जास्तच.

ते गेले तो गुरुवार होता.
दुसऱ्या दिवशी मी गेले नाही.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी गेले.
मागच्या बाकावर दोघी काहीतरी म्हणाल्या, मराठीतच.
नेमकं त्याच वेळी कुणीतरी काचेवर धडकलं
म्हणून ऐकू आलं नाही.

माझा संघ नेहमी हरणारा. वाळवंटी कोल्हे.
तेलकंपन्यांची माणसं, दोन वर्षांत बदलून जायची,
तोंडं नवी, हरणं तेच.
गोलरक्षक तेवढा टिकला, एक फिनलंडचा सुतार,
गुडघे दुखतात म्हणून मी त्याला तीळतेल नेऊन दिलं.
त्याने ते काय केलं, देव जाणे.

मग मैथा आली. इथलीच, चौदा वर्षांची,
हेल्मेटखाली काळा रुमाल घट्ट.
जर्सीवर नाव हवं होतं, अरबीत.
चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा
उजवीकडून डावीकडे शिवलं,
आणि एक नुक्ता चुकला, तो रात्री उसवून पुन्हा घातला.
पहिल्या सामन्यात ती अकरा वेळा पडली.
मी मोजत होते. ती पण मोजत होती, नंतर कळलं.

व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय.
काल सामना सुटल्यावर
बर्फ घासायच्या यंत्रावरून गुल जमान उतरला,
फाटक उघडं धरून म्हणाला, आपा, एकदा तरी पाय ठेवा.
सगळे गेलेत, कोण बघतंय.

मी म्हटलं, नको.
तिथून काही दिसत नाही रे.

तो हसला. यंत्र मागच्या दाराने बाहेर नेऊन
खरवडलेला बर्फ त्याने पार्किंगमध्ये ओतला,
दर रात्री ओततो तसा, गुडघाभर ढीग.
रात्रीचे दहा, हवा अजून तव्यासारखी.
मी ढिगाशेजारी टॅक्सीची वाट बघत उभी.
टॅक्सी यायला वीस मिनिटं लागली.
तोवर ओली वाळू,
आणि त्यात कुणाच्या तरी बुटाची तुटलेली नाडी.

सात–दोन. हरलो.
दुसरा गोल मैथाचा.